काडतुसं भरणारा पितळी चमचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी चमचा आहे. चमचा म्हटलं की तुम्हाला साखर आठवेल, मीठ आठवेल, खोकल्याचं औषध आठवेल. त्यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. मी बंदुकीची दारू मोजायचो. माझी वाटी तुमच्या करंगळीएवढी आहे आणि दांडा वीतभर. एवढ्याशा जिवाला चैन म्हणून कधी पडली नाही. का पडली नाही, ते सांगण्यासाठीच मी बोलतो आहे.

माझा जन्म चिंचवडला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा दुकानात झाला. दुकान मीरासाहेबांचं. ते मूळचे चाकणचे. तरुणपणी खडकीच्या कारखान्यात बंदुकांच्या कामावर होते, नंतर परवाना काढून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. शेतकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि शिकाऱ्यांच्या रायफलींची काडतुसं पुन्हा भरून द्यायची, हे त्यांचं काम. परदेशातून येणारी तयार काडतुसं तेव्हा मिळेनाशी झाली होती. म्हणून लोक उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून ठेवायचे आणि आमच्याकडे आणून द्यायचे. पुंगळी साफ करायची, दाबून पूर्वीच्या आकारात आणायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडावर गोळी बसवायची. झालं काडतूस. सांगायला सोपं आहे.

मीही आधी अशीच एक पुंगळी होतो. चार वेळा भरून झाल्यावर माझ्या मानेवर बारीक चीर दिसली. मीरासाहेबांनी मला बाजूला काढलं, मानेखाली करवतीनं कापलं आणि तांब्याच्या तारेचा दांडा डाक देऊन जोडला. मग एक अख्खी दुपार ते माझ्यामागे लागले होते. माझ्यात दारू भरायची, पत्त्याच्या पानानं वरची सपाट करायची, सोनारी काट्यावर तोलायची. जास्त भरली की माझी कड कानसून थोडी खाली आणायची. पुन्हा भरायची, पुन्हा तोलायची. दारू बनवणाऱ्या कंपनीचा एक छापील कागद त्यांच्याकडे होता. कोणत्या रायफलीला, किती वजनाच्या गोळीमागे, कोणती दारू किती घालायची, ते त्यावर दिलेलं होतं. मीरासाहेब कधीच कागदावरच्या मोठ्या आकड्यापर्यंत जात नसत. सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करायचं, थोडं थोडं वाढवायचं, दर वेळी उडवलेली पुंगळी आणि तिच्या बुडाची टोपी भिंगाखाली बघायची, आणि जिथे नेम नीट लागतो तिथेच थांबायचं, ही त्यांची रीत होती. तशा एका थांब्यावर मी कापला गेलो.

इथे एक गोष्ट तुम्ही नीट समजून घ्या. दारू सगळी काळीच दिसते, पण ती एक नसते. एक सावकाश जळते आणि गोळीला नळीभर ढकलत नेते. दुसरी झटक्यात जळते आणि सगळा जोर एकदम पुंगळीवर टाकते. एकीचे दाणे लांबट, ते माझ्यात मोकळे मोकळे बसतात. दुसरीचे आखूड, ते दाटीनं बसतात, म्हणजे तेवढ्याच जागेत वजन जास्त. मी ज्या दारूसाठी कापला गेलो ती लांबट दाण्यांची, शेवयांचा चुरा असावा तशी. तिच्यासाठी मी बिनचूक होतो. दुसरीसाठी मी कोण होतो, हे मलाही माहीत नव्हतं. आणि माझ्या दांड्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी पुरता तयार झालो तेव्हा मीरासाहेबांनी मला आपल्या बायकोच्या हातात दिलं. तिचं नाव रहमतबी.

मीरासाहेबांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. दोन वर्षांत मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धुरकटले. बंदुकांचं काम ते हाताच्या चाचपणीनं करायचे, पण दारूचं काम चाचपणीनं होत नाही. ते रहमतबी करू लागली. परवाना मीरासाहेबांच्या नावावर होता, हात तिचे होते. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. गिऱ्हाईक आलं की मीरासाहेब पुढे बसायचे आणि ती आतल्या खोलीत माझ्याशी.

काय हात होते तिचे. डबा एका वेळी एकच उघडायची. कान बाहेरच्या बोलण्याकडे असले तरी डोळे माझ्या कडेवरून हलायचे नाहीत. दर दहावं माप ती काट्यावर तोलून बघायची आणि काटा मधोमध थांबला की स्वतःशीच मान हलवायची. मीरासाहेब एकदा एका शिकाऱ्याला म्हणाले होते की माझा हात अजून पंचविशीतला आहे. आतल्या खोलीत रहमतबी हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक ते तेवढंच, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

मला मात्र तेव्हाही स्वस्थता नव्हती. भरून झालेलं प्रत्येक काडतूस कुणाच्या तरी गालाशी टेकून फुटणार असतं. ते दूर कुठे फुटलं की आपल्याला कळत नाही. माणूस पुन्हा दुकानात दिसेपर्यंत मी त्याचीच वाट बघायचो.

१९५६ सालचा जानेवारी असेल. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना चालू झाला होता, माळरानावर मोजणीचे खांब रोवले जात होते, पण पश्चिमेला माण गावाकडे अजून डोंगर आणि ज्वारीच होती. त्याच महिन्यात मीरासाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुण्याच्या दवाखान्यात झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठ दिवस मान हलवायची नाही अशी ताकीद. जाताना त्यांनी रहमतबीला बजावलं होतं की मी येईपर्यंत दुकान बंद, आणि चमचा दुकानात सोडायचा नाही, स्वतःजवळ ठेवायचा. म्हणून मी तिच्या कनवटीच्या बटव्यात होतो.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, रंगराव आला.

रंगराव माणचा. लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेला, गावात रायफलीचा परवाना असलेला एकटा माणूस. पिकात डुकरं शिरली की गाव त्याच्याकडेच बघायचं. तो पायरीवर बसला, फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि दहा रिकाम्या पुंगळ्या पुढे केल्या. एका दांडग्या डुकरानं ज्वारीत शालनबाई नावाच्या बाईला गाठलं होतं आणि तिची मांडी फाडली होती. गुरुवारी दुपारी सगळं गाव हाकारा घालणार होतं, म्हणजे डबे-ढोल वाजवत डुकराला झाडीतून बाहेर काढणार होतं.

रहमतबीनं मालक घरी नाहीत, चार दिवस थांबा, असं सांगितलं.

"च्यार दिसात आनि एकादी शालनबाई व्हईल, भाभी," रंगराव म्हणाला. "दुकानात तुमी हाय, दारू हाय. मालकानं भरल्याली दोन-च्यार तरी असतील की."

तयार काडतुसं नव्हती. तिनं एकदा पुंगळ्यांकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बसा. आहेत का बघते."

ती आत आली. मला बटव्यातून काढलं तेव्हा तिची बोटं गार होती. एक, दोन, तीन अशा सहा पुंगळ्या भरल्या आणि डबा संपला. तळाशी जेमतेम चिमूटभर दारू उरली. वरच्या फळीवर दुसरा डबा होता. तसाच लाल, तसाच चौकोनी, त्याच कंपनीचा. फक्त पुढचा आकडा वेगळा होता आणि तो इंग्रजीत होता. रहमतबीला मराठी अक्षरं लागायची, इंग्रजी नाही. डबा मीरासाहेबांनी महिन्याभरापूर्वी देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानातून घेतला होता आणि पट्टी उतरल्यावर बघू म्हणून वर ठेवला होता. हे ते तिला सांगायला विसरले होते.

तिनं तो उघडला. माझी वाटी आत बुडाली आणि मला कळलं की ही ती नव्हे. दाणे बारीक होते, एकमेकांना चिकटून बसत होते. मी रोजच्यापेक्षा जड झालो. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर. रहमतबीचा हातही किंचित थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, उजेडाकडे धरलं. बाहेर रंगराव खाकरला. काटा कपाटात होता, कपाट चार पावलांवर होतं. चारच तर काडतुसं भरायची आहेत, असं तिनं मनाशी म्हटलं असेल. तिनं पत्त्याचं पान माझ्या कडेवरून फिरवलं आणि दारू पुंगळीत ओतली. तशा चार पुंगळ्या भरल्या. दहाही काडतुसं एका पिशवीत गेली, आणि रंगराव पिशवी घेऊन माणला गेला.

तो सबंध दिवस आणि पुढचा दिवस मी बटव्यात तळमळत होतो. तीही तळमळत होती. भाकरी थापताना मध्येच थांबायची. एकदा फळीकडे जाऊन तिनं तो लाल डबा नुसता हातात धरला आणि परत ठेवला.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. मीरासाहेब सरळ पडून होते. घरात ते दोघं दखनी बोलायचे, मी तुम्हाला मराठीत सांगतो. तिनं खाली वाकून, दबक्या आवाजात सगळं सांगितलं. रंगराव आला, शालनबाईला डुकरानं जखमी केलं, दहा भरून दिली. त्यांनी कपाळाला आठी घातली. मग ती म्हणाली की पहिला डबा सहावरच संपला, दुसरा फोडला.

"दुसरा कोणता?" मीरासाहेबांनी विचारलं.

"वरच्या फळीवरचा. लालच आहे."

त्यांनी एकदम उठायचा प्रयत्न केला. नर्स धावत आली आणि त्यांचे खांदे धरून त्यांना खाली दाबलं. असं केलंत तर डोळा जाईल, असं ती रागानं म्हणाली. मीरासाहेब पडल्या पडल्या रहमतबीचा हात शोधत होते. सापडल्यावर त्यांनी तो घट्ट धरला.

"ती दारू आपल्या रायफलीची नाही. फार जलद आहे ती. कधी आहे हाकारा?"

"आज. दुपारी."

"जा," ते म्हणाले. त्यांनी तिचा हात सोडला.

मित्रांनो, त्या काळी माणला टेलिफोन नव्हता, मोटारही नव्हती. परतीची पॅसेंजर उशिरा आली. रहमतबी चिंचवडला उतरली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. घरी न जाता ती थेट नदीकडे वळली, पवना उतारावरून ओलांडली आणि ओल्या लुगड्यानं रहाटणीची वाट धरली. पुढे वाकड, पुढे हिंजवडी. जवळजवळ नऊ मैलांची वाट. तिच्या कनवटीला मी होतो, आणि तिच्या प्रत्येक पावलागणिक तिच्या हाडावर आपटत होतो. हिंजवडीच्या अलीकडे एका चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आणि चालणं थांबवलं नाही.

चालता चालता ती पुटपुटत होती. आधी मला वाटलं दुवा मागते आहे. मग शब्द कळले. दारूला ओल लागली आहे, म्हणून काडतुसं परत घ्यायला आले. ओल लागली आहे. ती खोटं घोकत होती. मी तिला दोष देत नाही. मीच भरली, असं कबूल केलं तर परवाना जाणार होता. अंध नवऱ्यानं बायकोच्या हातून दारूचं काम करवलं, असं चारचौघांत झालं असतं. पंचवीस वर्षांचं नाव होतं मीरासाहेबांचं. ओल लागली म्हटलं की सगळं झाकलं जाणार होतं, आणि काडतुसंही परत येणार होती. मलाही ते बरं वाटत होतं, हे मी आज लपवत नाही.

माणच्या वर ओढ्याकाठी करवंदीची दाट जाळी आहे. तिकडून डब्यांचा आवाज येत होता. ती चढण पळत चढली. वर पोचली तेव्हा हाकाऱ्याची पहिली फेरी झाली होती आणि माणसं दुसऱ्या बाजूनं जाळीला वेढा घालायला निघाली होती. रंगराव एका खडकावर बसला होता. रायफल आडवी मांडीवर होती आणि तो बाभळीच्या ठोकळ्यानं तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, ठोकत होता. शेवटी बोल्ट उघडला, फुगलेली पुंगळी बाहेर पडली. त्यानं कमरेच्या पट्ट्यातून पुढचं काडतूस काढलं.

"भाऊ, थांबा," रहमतबी म्हणाली. आवाज निघेना, म्हणून तिनं तुटकी चप्पल खडकावर आपटली.

त्यानं वर पाहिलं. त्याच्या उजव्या गालावर डोळ्याखाली काळेनिळे ठिपके उठले होते, कातडी लाल झाली होती, भुवई करपली होती. त्या डोळ्यातून पाणी गळत होतं. तिला बघून तो गोंधळला. मग आपणच सांगू लागला की सकाळी एक काडतूस झाडावर मारून बघितलं, ते झकास गेलं. आता डुक्कर समोर आलं तेव्हा दुसरं मारलं, तर आवाज भलताच झाला, मागून जाळ तोंडावर आला, नेम चुकला आणि बोल्ट अडकून बसला.

"रायफलच म्हातारी झाली म्हनायची," तो म्हणाला. "तरी आजचा दिस निभावंल."

मित्रांनो, तिनं घोकलेल्या खोट्याचीही आता गरज उरली नव्हती. त्यानंच तिच्या हातात सुटका ठेवली होती. रायफल म्हातारी झाली आहे, परत द्या काडतुसं, मालक आल्यावर बघतील, एवढं म्हटलं की झालं. ती बोलायला लागली, "दारूला..." आणि थांबली. तिची नजर त्याच्या गालावर होती.  तिनं हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"रायफल चांगली आहे, भाऊ," ती म्हणाली. "काडतुसं मी भरली. मालकांनी नाही, मी. दोन वर्षं मीच भरते आहे. मंगळवारी चार काडतुसांत चुकीची दारू पडली माझ्या हातून. त्यातलं एक हे फुटलं. तीन अजून तुमच्या पट्ट्यात आहेत. कोणती, ते मलाही बाहेरून सांगता येणार नाही."

आजूबाजूची माणसं जवळ आली होती. त्यांत शालनबाईचा दीर ज्योतीराम होता. तो चिडून म्हणाला की हिला चौकीवर न्या, हा काय बायकांचा खेळ आहे का. दुसरा कुणी म्हणाला, मग डुकराचं काय? रहमतबी खाली मान घालून उभी राहिली. चौकीवर न्या म्हटलं तरी येते, असं ती म्हणाली.

 हातातलं काडतूस रंगरावनं कानाशी नेऊन हलवलं, जणू ते काही सांगणार होतं. मग ते आणि पट्ट्यातलं एकेक काढून तिच्या पदरात ठेवलं. आठ झाली. रायफलीचा बोल्ट काढून त्यानं फेट्याच्या टोकाला बांधला.

"हाकारा बंद," तो लोकांना म्हणाला. "पोरंबाळं घरी न्या. राखणीला दोघं दोघं बसा, एकट्यानं कुनी ज्वारीत जायाचं न्हाई."

दिवस मावळायच्या आत त्यानं बैलगाडी जुंपली आणि तिला चिंचवडला आणून सोडलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर बसला असताना तिनं आठही काडतुसांच्या गोळ्या चिमट्यानं उपटून काढल्या आणि प्रत्येकाची दारू वेगळ्या कागदावर ओतली. पाच कागदांवर लांबट दाणे होते आणि तीन कागदांवर आखूड. तिनं मला बटव्यातून काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि हे कशानं झालं तेही सांगितलं. रंगरावनं मला उचललं, उलटंसुलटं केलं. त्याच्या गालावरचे ठिपके मी पहिल्यांदा जवळून पाहिले. ते कायमचे राहिले.

मीरासाहेब घरी आले ते जाड भिंगाचा चष्मा लावून. एक डोळा चांगला वाचला होता, दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्या दिवशीच्या उठण्यानं तो बिघडला की आधीच बिघडलेला होता, ते कुणी सांगू शकलं नाही, आणि रहमतबीनं कधी विचारणं सोडलं नाही. त्यांनी सगळ्यांत आधी रंगरावच्या रायफलीचा बोल्ट मागवला आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. बोल्टला अडकवून ठेवणाऱ्या खुंटीच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. त्यांनी ती रहमतबीला दाखवली. तसं आणखी एक काडतूस फुटलं असतं तर बोल्ट सुटून रंगरावच्या तोंडात गेला असता, असं ते म्हणाले. 

मग त्यांनी मला मागितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी माझ्या दांड्यावरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"यावर मी काहीच लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं ना, मग लिहायचं कशाला. आणि तो डबा वर ठेवताना चिठ्ठी लावायलाही मला वेळ नव्हता. हे तुझ्या एकटीचं नाही, रहमत."

त्याच आठवड्यात ती दोघं पुण्याच्या कचेरीत गेली आणि जसं घडलं तसं लिहून देऊन आली. काडतुसं भरायचं काम थांबवण्यात आलं. दुरुस्तीचं तेवढं चालू राहिलं. गिऱ्हाइकं निम्मी झाली. काही लोक रस्त्याच्या पलीकडून जायचे आणि आत बघायचे. मी खणात पडलो. आजूबाजूला गंजलेले स्क्रू, तुटक्या स्प्रिंगा, आणि बाहेर कोपऱ्यात रंगरावची बिनबोल्टाची रायफल. तुम्ही म्हणाल, विश्रांती मिळाली. विश्रांती कसली. खण उघडला की मला वाटायचं, आता मला उचलतील. मिटला की वाटायचं, कधीच उचलणार नाहीत. दोन्हींची सारखीच भीती होती. त्या डुकराचा पुढे गावानं कुत्री घालून पिच्छा केला आणि ते डोंगरापलीकडे निघून गेलं, असं कळलं. शालनबाई चालू लागली, पण लंगडत.

दीड वर्षानं कचेरीतून कागद आला. काम पुन्हा सुरू करायला परवानगी होती, आणि मीरासाहेबांच्या नावाखाली मदतनीस म्हणून रहमतबीचं नाव होतं. त्यासाठी रंगरावनं स्वतः अर्ज दिला होता, हे तिला तेव्हा कळलं. पहिला येऊन पायरीवर बसलाही तोच. रायफलीला खटपट करून दुसरा बोल्ट मिळाला होता. त्यानं पुंगळ्या पुढे केल्या आणि म्हणाला, "तुमीच भरा, भाभी."

तिनं पुंगळ्यांना हात लावला नाही. मग म्हणाली, माझ्याच हातची कशी घेता तुम्ही.

"चूक कुनाच्याबी हातनं व्हती," रंगराव म्हणाला. "ती सांगाया नऊ मैल चालत कोन येतंय?"

ती आत आली. खोली आता वेगळी दिसत होती. प्रत्येक डब्यावर मीरासाहेबांनी मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती. कोणती दारू, कधी उघडली, कोणत्या रायफलीची. टेबलावर एकच डबा होता, बाकीचे कुलपात. काटा पुढ्यात होता. रहमतबीनं छापील कागदावर बोट ठेवून मीरासाहेबांकडून आकडा मोठ्यानं वाचून घेतला, मग स्वतः पुन्हा म्हटला. ही नव्या जातीची दारू होती. सगळ्यांत कमी आकड्यापासून सुरुवात करायची ठरली.

ती तोलायला बसली. एकेक माप काट्यावर. फार वेळ लागत होता. चिमटीनं दाणे घालायचे, काढायचे, काटा स्थिर व्हायची वाट बघायची. बाहेर रंगराव बसला होता. तिसरी पुंगळी झाल्यावर तिनं खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, दीड वर्षानं मी तिच्या हातात होतो. मला उचलावं असं मला वाटत होतं आणि उचलू नये असंही. तिनं मला दारूवर धरलं. मी तिला किती वेळ वाचवून दिला असता. अजमासानं थोडं कमी घेतलं असतं तर कदाचित चाललंही असतं. तिनं बाहेर डोकावून विचारलं, उशीर होईल, चालेल ना?

"बसतो म्या," रंगराव म्हणाला. "सांज झाली तरी चालंल."

तेव्हा तिनं मला ऐरणीवर पालथं ठेवलं, बुडावर भोक पाडायचा पंच टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. माझ्या बुडाला हरभऱ्याएवढं भोक पडलं. तिनं ते उजेडाकडे धरून पाहिलं, मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा काट्याकडे वळली.

तेव्हापासून मी इथेच टांगलेला आहे. आता माझ्यात एक दाणाही ठरत नाही. तरी खालच्या टेबलावर नवा डबा उघडला की मला धडधडतं, आणि काटा मधोमध येईपर्यंत ती धडधड थांबत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात कुणी तयार माप दिलं, तर ते कशासाठी कापलं होतं हे आधी विचारा. सांगणारा नसेल तर ते वापरू नका. जे तुम्हाला ठाऊक आहे ते लिहून ठेवा, कारण तुमच्यामागे ते उचलणारा हात दुसऱ्याचा असतो. आणि इतकं करूनही चुकलात, तर घरात बसून घोकत राहू नका. चपला तुटल्या तर हातात घ्या आणि निघा.